केस न गाळणारं कुत्रं

शिंदे की छावनी, लश्कर (ग्वाल्हेर)
ता. १४ नोव्हेंबर १९२७

ती. दादाच्या सेवेशी,

धाकटी बहीण शामला हिचा शि. सा. न. वि. वि. इकडे सगळं क्षेम, असं लिहायची रीत म्हणून लिहिते. खरं म्हणशील तर क्षेम काही नाही आणि दोन घटका मला एका जागी बसवत नाही. हे पत्रसुद्धा तिसऱ्यांदा सुरू केलंय.

राजूवन्सं तुला आठवतात ना? ह्यांची धाकटी बहीण राजलक्ष्मी. माझ्या लग्नात तुझ्या पगडीत शेंगांची टरफलं भरून ठेवली होती, तीच. गेल्या साली झाशीला त्यांचे यजमान विषमज्वराने गेले आणि एकोणिसाव्या वर्षी पोर माहेरी परत आली. उन्हाळाभर आजारी होत्या म्हणून केस उतरवण्याचा विषय कुणी काढला नाही. आता तब्येत सुधारली, तर भटजी येता-जाता विचारतात आणि आत्याबाईंनी मनावर घेतलंय. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या बहीण. तेराव्या वर्षी त्यांचं कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून केस काढून लाल आलवणात आहेत. वन्संची आई लहानपणी गेली. वाढवलं आत्याबाईंनीच, जीवही त्यांच्यावर फार. पण आपल्याला जे झालं ते हिलाही व्हायलाच हवं, त्यात विचारायचं काय, असं त्यांचं म्हणणं. आणि आमच्या घरचे पुरुष दफ्तरातून येतात, जेवतात आणि वर्तमानपत्राआड बसतात.

दिवाळीत वन्संनी लाकडांच्या ढिगामागून एक पिल्लू उचलून आणलं. भुऱ्या नाव ठेवलं. दादा, वर्षात पहिल्यांदा मी त्यांचं हसणं ऐकलं! आणि परवा काय झालं, तर आत्याबाई धाबळी नेसून नैवेद्याला बसल्या आणि त्या लोकरीत भुऱ्याचा केस निघाला. सोवळं बाटलं. पूजेवरून उठल्या, थंडगार पाण्याने आंघोळ केली, दिवसभर उपाशी राहिल्या. संध्याकाळी गवळी पिल्लू मुरारला घेऊन गेला. तेव्हापासून वन्सं चार घास गिळतात न गिळतात आणि सारख्या विहिरीपाशी जाऊन उभ्या राहतात. विचारलं तर म्हणतात, पाणी बघतेय. मी काहीतरी निमित्त काढून मागोमाग जाते.

मी आत्याबाईंकडे रदबदली केली. त्या चिडून म्हणाल्या, की केस न गाळणारं कुत्रं ब्रह्मदेवाने केलं असेल तर खुशाल आण, मी अडवणार नाही. रागाने म्हणाल्या, पण शब्द तर दिला! तो मी पदराला बांधून ठेवलाय. तू महूच्या छावणीत साहेबलोकांची कुत्री-घोडी तपासतोस. तेव्हा असं कुत्रं शोध. चेष्टा करू नकोस.

वहिनीला नमस्कार. माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
शामला


महू
ता. २० नोव्हेंबर १९२७

चि. सौ. शामलेस,

बळवंताचे अनेक आशीर्वाद. पत्र पावले. चेष्टा करू नकोस म्हणतेस, आणि विचारतेस काय, तर आत्याबाईंच्या सोवळ्याला चालेल असे कुत्रे! इतक्या वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न मला कोणी घातला नव्हता. तुझी वहिनी हसून हसून बेजार झाली, मग विहिरीचा मजकूर पुन्हा वाचून म्हणाली, आधी कुत्रे शोधा.

आता नीट ऐक. आखूड केसांचे कुत्रे केस गाळत नाही, हा सगळ्यांचा गैरसमज आहे. आपले दख्खनी कारवानी घे की तिकडचे रामपुरी. केस बोटभरसुद्धा नाही, पण गळतो आणि सुईसारखा कापडात रुततो. धाबळीत तर विचारूच नको. पहाडी भोटिया दिसायला देखणा, पण ऋतू पालटला की घरात पिंजाऱ्याचे दुकान. लांब कानांच्या स्पॅनियलचे तेच. राठ केसांचा टेरियर कमी गाळतो, मात्र तो जातिवंत उंदीरमाऱ्या. तुळशीची माती उकरून त्याने उंदीर आत्याबाईंच्या देवापुढे आणून ठेवला, तर मला ग्वाल्हेरची वेस बंद होईल.

राहता राहिला पूडल. याचे केस कोकरासारखे कुरळे. मेलेला केस खाली पडत नाही, कुरळ्यातच अडकून राहतो. मुळीच केस गाळत नाही असे कुत्रे जगात नाही. पण यापेक्षा कमी गाळणारे मी पाहिलेले नाही. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेव. रोज विंचरावे लागते, नाहीतर जटा होतात. आणि केस माणसासारखे वाढतच राहतात, तेव्हा महिना-दीड महिन्याने कात्रीने कापावे लागतात. इथे छावणीत ते काम करणारी माणसे आहेत, तिकडे तुला कोणीतरी पाहावे लागेल.

नशीब बघ, इथल्या एका कर्नलची मड्डम विलायतेस परत चालली आहे. तिच्याजवळ काळा पूडल आहे, दोन वर्षांचा, स्वभावाने गरीब. चांगल्या घरी जावा म्हणून बाई रडकुंडीला आली होती. आमचे जमादार जयसिंहराव रजेवर लश्करला येत आहेत, त्यांच्यासोबत पाठवतो.

राजलक्ष्मीच्या केसांविषयी तू माझे मत विचारलेले नाहीस, तरी सांगतो. गोपाळकृष्णरावांना म्हणावे, वर्तमानपत्र खाली ठेवा. बहीण तुमची आहे.

तब्येतीस जप आणि आमची आठवण असू दे.

तुझा,
दादा


लश्कर
ता. १२ डिसेंबर १९२७

ती. दादास,

शामलेचा शि. सा. न. वि. वि. कुत्रं पोचलं. जयसिंहराव स्वतः दारात घेऊन आले आणि सगळी गल्ली गोळा झाली. शेजारची ठकुराइन विचारत होती, की हा बकरीचा बच्चा केवढ्याला घेतला. मड्डमेने ठेवलेलं नाव कुणाच्या जिभेवर बसेना. आत्याबाईंनी लांबूनच पाहिलं आणि झिपऱ्या म्हणाल्या. तेच नाव पडलं.

पण दादा, कुठून मला ही बुद्धी झाली!

आत्याबाईंनी परीक्षा घेतली. माजघरातल्या खाटेवर धुवट पांढरा पंचा अंथरला आणि सांगितलं, की कुत्रं आज दिवसभर यावर बसू दे, संध्याकाळी मी बघणार. एक जरी केस निघाला तर जमादाराबरोबर परत. वन्सं त्याला मांडीशी घेऊन दिवसभर बसून राहिल्या, पाणी प्यायलासुद्धा उठल्या नाहीत. मी आपली आत-बाहेर, आत-बाहेर. दिवेलागणीला आत्याबाईंनी चष्म्याचा दोरा कानामागे बांधला आणि पंच्यावरून तळहात फिरवायला लागल्या. हात पुढे सरकतोय आणि केस काही निघत नाही. मला वाटलं, जिंकलो.

आणि कडेला एक काळा केस निघाला.

आत्याबाईंनी तो उचलून कंदिलापुढे धरला. चांगला हातभर लांब होता, सरळ. झिपऱ्याचे तर सगळे कुरळे. आधी त्या केसाकडे पाहिलं, मग वन्संच्या अंबाड्याकडे. रागावल्या नाहीत रे, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, की कुत्रं निर्दोष आहे, ते राहील. केस तुझा आहे. कुत्र्याच्या केसाने सोवळं बाटतं म्हणून मी पिल्लू घालवलं, आणि विधवेचा केस घरभर गळतोय तो मी चालवून घेतेय. त्याच बैठकीत कल्लू न्हाव्याला निरोप गेला. तो दर महिन्याला आत्याबाईंसाठी येतोच. नाताळानंतरच्या सोमवारी येईल तेव्हा दोघींचं करायचं.

हे सगळं माझ्यामुळे झालं. मी कुत्रं आणलं नसतं तर परीक्षा नसती आणि परीक्षा नसती तर तो केस कुणाला दिसला नसता. ह्यांना मी तुझा निरोप सांगितला. वर्तमानपत्र खाली ठेवलं खरं, पण म्हणाले, की आत्याबाईंनी आम्हाला वाढवलं, त्यांच्यापुढे मी तोंड कसं उघडू.

वन्सं आता जेवतात. झिपऱ्याला भरवता भरवता दोन घास आपणही खातात, विहिरीकडे जात नाहीत. तेवढं सुख त्या मुक्या जनावराने दिलं. रोज त्याला स्वतःच्या फणीने विंचरतात. मी म्हटलं, की त्याला बाजारातून वेगळी आणू, तर म्हणाल्या, कशाला वहिनी, सोमवारनंतर मला कुठे लागणार आहे.

दादा, काहीतरी कर. कृपा आहेच, ती या वेळी जरा धावत येऊ दे.

तुझी,
शामला


महू
ता. १७ डिसेंबर १९२७

चि. सौ. शामलेस,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचले आणि हातातले काम सुटले. एका केसावरून! आत्याबाई मोठ्या आहेत म्हणून शाईला आवर घालतो.

मी स्वतः येतो आणि राजलक्ष्मीला इकडे घेऊन येतो. तुझ्या वहिनीने खोली आवरायलाही घेतली आहे. पण पलटणीच्या घोड्यांची तपासणी चालू आहे, साहेब नव्या वर्षाआधी रजेचे नाव काढू देत नाही. तेव्हा तुझ्यावर भिस्त. रड, आजारी पड, कल्लूला दुसऱ्या गावाला धाड, पण ती एक खेप टाळ. लहानपणी शाळा चुकवायला इतक्या युक्त्या काढायचीस, त्यातली एखादी शिल्लक असेल.

झिपऱ्याच्या डोळ्यांवर केस आले असतील तर तेवढे जपून काप. बाकीचे राहू दे. थंडीत त्याला त्यांचीच ऊब आहे.

धीर सोडू नकोस. पत्राची वाट पाहतो.

तुझा,
दादा


लश्कर
ता. २६ डिसेंबर १९२७, सोमवार

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. खेप टळली. पण मी जे करून बसले ते ऐकून तू मला शाबासकी देशील की शिव्या, ठाऊक नाही.

मला एवढंच सुचलं, की ज्या पेटीतल्या कात्रीने कुत्र्याचा केस कापला त्या पेटीतला वस्तरा आत्याबाई सोवळ्यातल्या बाईच्या डोक्याला लावू देणार नाहीत. आज सकाळी कल्लू मागच्या पडवीत येऊन बसला. आत्याबाईंचा जप व्हायचा होता. मी त्याला चहा-गूळ दिला, नवं धोतर कबूल केलं आणि झिपऱ्या पुढ्यात बसवून सांगितलं, की आधी याचे बाल काट. तो कुरकुरला, की कुत्ते की हजामत आजवर कुणी केली नाही. तेवढ्यात जप संपल्याची चाहूल लागली, म्हणून मी आत धावले आणि संक्रांतीचे तीळ किती आणायचे असलं काहीबाही विचारत आत्याबाईंना अडवून धरलं.

परत येऊन बघते तो झिपऱ्या डोक्यापासून शेपटीपर्यंत तुळतुळीत! कात्री पेटीतून निघालीच नव्हती. मी कपाळावर हात मारला. कल्लू उलट मलाच विचारतो, की बाईजी, या घरात माझ्या बापापासून आम्ही एकच काम करत आलो, दुसरं काही असेल हे मला कसं कळावं?

आत्याबाई बाहेर आल्या. सगळं ध्यानात आलं त्यांच्या. वस्तरा बाटला, आज काही होणार नाही. मला म्हणाल्या, की तू शहाणी आहेस, पण मीही इतकी वर्षं या घरात आहे. कल्लूला सांगितलं, शुक्रवारी नवा वस्तरा घेऊन ये. आणि तडक आत गेल्या.

पण झिपऱ्या रे! कल्लूने सोडल्याबरोबर माजघरात पळाला आणि खाटेखाली भिंतीकडे तोंड करून बसला, तो अजून तसाच आहे. इथली थंडी तुला माहीत आहे. नुसता लटलट कापतोय. मी पोतं टाकलं, ते त्याने झटकलं. दूध नाही, पोळी नाही, वन्संनी हाका मारल्या तरी मान वळवत नाही. लाज वाटते का रे जनावराला? तूच सांग, तू डॉक्टर आहेस.

वन्संनी त्याला पाहिलं. खाटेखाली हात घालून त्याच्या डोक्यावरून फिरवला, मग तोच हात आपल्या केसांवरून. मला विचारलं, की वहिनी, मीपण अशीच कापेन का हो? मी चुलीपुढे जाऊन रडले.

शुक्रवारी काय करू? दुसरं कुत्रं कुठून आणू?

शामला


महू
ता. २८ डिसेंबर १९२७

चि. शामलेस अ. आ. हे कार्ड घाईत. रजा मंगळवार ता. ३ ची मिळाली, त्याआधी नाही. शुक्रवारच्या आत पोचता येत नाही म्हणून जीव तुटतो आहे. आणखी एकदा टाळ. वाटल्यास राजलक्ष्मीला घेऊन ठकुराइनच्या घरी जाऊन बस. आत्याबाईंना सांग, बळवंत येतो आहे आणि या वेळी तो नमस्कार करून गप्प बसणार नाही. झिपऱ्याला कोमट दूध चमच्याने पाज. जनावराला लाज वाटते की नाही हे पुस्तकात नाही, पण माझ्या पाहण्यात आले आहे.

दादा


लश्कर
ता. ३० डिसेंबर १९२७, शुक्रवार

चि. बळवंतरावांस,

आत्याबाईचे आशीर्वाद. मला लिहिता येत नाही. मी सांगते आहे आणि राजी लिहिते आहे. मधेच रडते म्हणून अक्षर वाकडं आलं तर तिला हसू नका.

तुमचं कार्ड सुनेनं मला वाचून दाखवलं. दाखवायचं नव्हतं, पण मी मागितलं. तुम्ही भांडायला येणार हे समजलं. भांडायचं काही उरलेलं नाही, तेव्हा तसे येऊ नका. ऐका काय झालं ते.

तुमचं कुत्रं खाटेखाली बसून राहिलं. मी मनात म्हटलं, बसू दे, भूक लागली की येईल बाहेर. म्हटलं आणि मला माझ्या वडिलांचा आवाज ऐकू आला. मी तेरा वर्षांची होते. माझे केस काढले, त्या दिवशी मी धान्याच्या खोलीत कणग्यांमागे भिंतीकडे तोंड करून बसले होते. आई दाराशी रडत होती आणि वडील तिला हेच सांगत होते, की भूक लागली की येईल. भूक लागली आणि मी आले. सगळ्यांना वाटलं, झालं, विसरली पोर. बळवंतराव, इतकी वर्षं मलाही तसंच वाटत होतं.

बुधवारी नैवेद्याला बसले होते. देवघरातून ती खाट दिसते. देवाकडे बघावं तर तिकडे ते थरथरताना दिसायचं. हात जोडले, मंत्र आठवेना. असं कधी झालं नव्हतं. शेवटी उठले आणि होते तशी, सोवळ्यात, खाटेखाली शिरले. गुडघे धरलेत, तरी शिरले. धान्याच्या त्या खोलीत माझ्याजवळ कुणी आलं नव्हतं. धाबळीचा पदर सोडून त्याच्या अंगावर घातला आणि तिथेच त्याच्याजवळ बसले. आधी त्याने बघितलं नाही. मग वळून माझा हात चाटायला लागलं. मला फार रडू आलं. सून धावत आली, तिला वाटलं मी पडले. नैवेद्य त्या दिवशी तिनेच दाखवला. देवाने तक्रार केलेली मला तरी ऐकू आली नाही. कुत्रं दूध प्यायलं.

राजी पाच वर्षांची असल्यापासून तिला मीच न्हाऊमाखू घातलंय. तिच्या केसांना तेल लावलं ते याच हातांनी. आणि त्याच हातांनी मी तिला वस्तऱ्यापुढे बसवणार होते, धर्म म्हणून. कुत्र्याला तोंड नाही. हिला आहे, तरी मी तिला विचारलं नाही. हे लिहिताना ती लिहायची थांबली होती. मी म्हटलं, लिही, सगळं लिही.

आज कल्लू नवा वस्तरा घेऊन आला. त्याला मी दारातूनच सांगितलं, की तुझं या घरातलं काम संपलं. त्याने विचारलं, की छोट्या बाईचं ना? मी म्हटलं, की सगळ्यांचं. कबूल केलेलं धोतर देऊन वाटेला लावला. भटजी बोलतील, लश्करातले चार लोक बोलतील. त्यांच्यासाठी जन्मभर उपास केले, आता बोलणीही ऐकीन. गोपाळला सांगितलं तर तो एवढा बाप्या माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. मी म्हटलं, आधी बोलला असतास तर रडावं लागलं नसतं.

तुम्ही मंगळवारी निघाच, पण जेवायला या. येताना कुत्र्याचे केस कापायची कात्री आणा आणि सुनेला शिकवून जा. आणि चांगल्या शिंगाच्या फण्या दोन आणा. राजीची फणी त्या झिपऱ्यानं पार दातपडकी करून टाकली. एक त्याची, एक हिची. महूकडे न्यायचं असेल तर तिला विचारा, मला नको.

आमच्यावर राग असेल तर तो घरी ठेवून या, बाकी लोभ सोबत आणा.

आत्याबाई

ता. क. हे मी माझं लिहिते आहे, आत्याबाईंना ठाऊक नाही. आज दुपारी झिपऱ्याला मांडीवर घेऊन त्या उन्हात बसल्या होत्या आणि डोक्यावरचा पदर घसरला. महिन्याभराची पांढरी लव आली आहे. त्यांनी तिच्यावरून हात फिरवून पाहिला आणि पदर तसाच राहू दिला. तेव्हा दादासाहेब, फण्या तीन आणाव्यात.

राजलक्ष्मी